सहाव्या कोर्सचं काय झालं

१

शेफ रामिरोने अंगणातल्या कट्ट्यावर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. दगड अजून कोमट होता. त्यावर एक तेलकट गोल डाग होता, मिठाचे चार खडे होते, आणि ज्याच्यासाठी बारा पाहुणे दुबईहून तासभर गाडी हाकून आले होते, ते मांस मात्र नव्हतं.

पाच कोर्स झाले होते. करंजीसारखी एम्पनाडा झाली, लोखंडी तव्यातलं वितळलेलं चीज झालं, सळईवरचं बीफ झालं, निखाऱ्यात भाजलेली वांगी-मिरच्या झाल्या, कोकरू झालं. सहावा कोर्स म्हणजे बरगडी. रामिरोच्या देशात, अर्जेंटिनात, तिच्यासाठी माणसं दिवसच्या दिवस आगीपाशी बसून राहतात म्हणे. त्यानेही ती पहाटे सहाला उभ्या लोखंडी खांबाला बांधली होती आणि नुसत्या मिठावर, नुसत्या धगीवर शिजवली होती. दुपारी बाराला उतरवून पांढऱ्या कापडात गुंडाळली, थाळीत ठेवली आणि थाळी कट्ट्याच्या उबेत विसावायला ठेवली. वाढण्याआधी दहा मिनिटं परत निखाऱ्यांवर धरली की काम झालं. मग पाच कोर्सच्या धांदलीत त्याला तिकडे बघायला सवड झाली नव्हती. आता अडीच वाजले होते आणि मांसाबरोबर थाळीही गेली होती.

रामिरो ओरडला नाही. त्याने रेस्टॉरंटच्या मालकाला, वासिफ काझीला, बाजूला घेऊन कानात सांगितलं. वासिफने पाहुण्यांना हसतमुखाने खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला पाठवून दिलं आणि मागच्या अंगणात आल्यावर चेहऱ्यावरचं हसू उतरवलं. किचनचा दोन नंबरचा माणूस शाहबाज, म्हसळ्याकडचा, तो तर सांगायला टपलेलाच होता. दुपारी जाळ सांभाळणाऱ्या भिकाजीला मागच्या व्हरांड्याने जाताना त्याने पाहिलं होतं, आणि भिकाजीच्या हातात कापडाने झाकलेलं काहीतरी होतं.

भिकाजी लाकडांच्या ढिगापाशी उभा होता. पन्नाशीचा, काटक, जाळाने काळवंडलेला माणूस. खरं का, असं वासिफने त्याला तीनदा विचारलं. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"खलास," वासिफ म्हणाला. "उद्या सकाळी व्हिसा कॅन्सल. चोर म्हणून पाठवीन घरी." मग तो बाजूला उभ्या असलेल्या बाईंकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खाला, तुमच्या शब्दावर ठेवला होता मी याला."

२

या खाला म्हणजे फिरदोस मुकादम. दुबईतल्या एका भारतीय शाळेत तिने एकतीस वर्षं गणित शिकवलं. गणित किती जणांना आलं ते जाऊ द्या, पण परीक्षेच्या हॉलमध्ये तिच्या डोळ्यांत धूळ फेकणारा विद्यार्थी कधी निघाला नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे तिला फिरदोस मिसच म्हणत, आणि नात्यागोत्यात कुणाचं काही हरवलं की दुबईच्या करामा भागातल्या तिच्या फ्लॅटची बेल वाजे. वासिफ तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. जागेपणी तिला काही सुचत नसे. पोट भरलं, डोळे जड झाले, की दिवसभरात ऐकलेले शब्द तिच्याभोवती संथपणे फिरू लागत, आणि त्यातला एखादा चुकीच्या बाकावर बसलेला दिसे. मग तेवढं उत्तर घेऊन ती जागी होई.

त्या दिवशी उम्म अल कुवैनमध्ये जागेपण आणि झोप यांत तसाही फारसा फरक नव्हता. जानेवारीतलं धुकं खाडीवर साचून राहिलं होतं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, आणि त्या दोहोंच्या मध्ये फ्लेमिंगो एका पायावर उभे होते. भिकाजीच्या जाळाचा धूर हळूहळू जाऊन त्या धुक्यात मिसळत होता. ती टॅक्सीतून उतरली तेव्हा बारा वाजले होते आणि अंगणावरचं धुकं विरून तिथे नुकतंच ऊन आलं होतं.

अंगणातला तो कमरेइतका कट्टा म्हणजे सरहद्दच होती. अलीकडे भिकाजी मोठमोठे ओंडके जाळून निखारे करी, पलीकडे रामिरो ते निखारे फावड्याने ओढून मांसाखाली पसरी. भिकाजी बीफ खात नसे, त्याला हातही लावत नसे. पहिल्याच दिवशी त्याने हे हात जोडून सांगितलं, आणि रामिरोला भाषा कळली नाही तरी म्हणणं कळलं. जाळ तुझा, मांस माझं, असं ठरलं. पलीकडे काय भाजतंय, कधी उतरतंय, हे भिकाजी बघायलाही जात नसे.

हा भिकाजी दापोलीच्या आतल्या एका वाडीतला, फिरदोसच्या माहेरापासून दोन कोसांवरचा. अकरा वर्षं त्याने रुवैसला रिफायनरीत परांच्या बांधल्या. ते काम सुटलं तेव्हा तो कुणाकडून तरी पत्ता काढून करामाला तिच्या दारात आला, आणि पाणी पिऊन झालं तरी रिकामा ग्लास हातातच धरून बसला. तिने वासिफला फोन लावला होता, हा माणूस माझ्या शब्दावर ठेव म्हणून. दोन वर्षांत तिला त्या शब्दाचा पस्तावा झाला नव्हता.

तर, बारा वाजता अंगणात पाऊल टाकल्याबरोबर फिरदोस मिसचं सुपरव्हिजन सुरू झालं. पाण्याच्या बाटल्या सावलीत गेल्या. एका वेटरने शर्टाचं वरचं बटण लावलं. कट्ट्याच्या पायथ्याशी कच्च्या बीफचं क्रेट उन्हात पडलेलं तिला दिसलं. रामिरो तेव्हा आत हात धुवायला गेला होता. इथे सगळ्यांशी हिंदीत बोलावं लागतं, पण भिकाजी दिसला की तिच्या तोंडात आपसूक मराठी येई. ओढणी सावरत, पुढे चालता चालता ती म्हणाली,

"भिकाजी, मोठ्याचं उन्हात राहिलंय रे. आत नेऊन ठेव."

भिकाजीने मान डोलावली, आणि ती टेबलावरचे नॅपकिन बघायला निघून गेली.

३

सातवा कोर्स वाढेपर्यंतची मुदत तिने वासिफकडून मागून घेतली. पाहुणे फ्लेमिंगोंचे फोटो काढत होते तोवर ती एकेकाला बाजूला घेऊन बसली.

रामिरोचा संशय शाहबाजवर होता. मोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं की शाहबाज गेले सहा महिने बरगडीला गरम मसाला चोळायच्या मागे लागलाय, आणि नुसत्या मिठाला तो आजाऱ्याचं जेवण म्हणतो. एवढं बोलून रामिरो रिकाम्या खांबाकडे बघत बसला. खरंच कुणी जवळचं गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

शाहबाजने मसाल्याचं कबूल केलं, पण चोरीचं नाव ऐकून त्याला रागच आला. एवढं करून आपल्याला काय मिळणार, असं त्याचं म्हणणं. मग त्याने गाऱ्हाण्यांचा पाढाच वाचला. इथे सांगितलेलं कुणी ऐकत नाही. साडेबाराला तो बाहेर आला तर कच्च्या बीफचं क्रेट रणरणत्या उन्हात तसंच, शेवटी त्यानेच ते ओढत कोल्डरूममध्ये नेलं, आणि तेव्हापासून त्याची कंबर धरलीय. भिकाजी व्हरांड्यातून गेला तो त्याच्या थोडं आधी. कुठे गेला ते त्याने पाहिलं नाही, कारण शाहबाजला दुसरीही कामं असतात.

वासिफला स्वतःला काही विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिने त्याच्या वडिलांची चौकशी केली. हमीद काझी म्हणजे फिरदोसचे दुल्हाभाई. साठ वर्षांपूर्वी लाँचमधून इथे उतरले आणि याच खाडीकाठी होड्या दुरुस्त करत मोठे झाले. रेस्टॉरंटच्या मागे आतली खोली त्यांची. नोकरमाणसं त्यांना मोठे शेठ म्हणत, नाहीतर नुसतंच मोठे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय कुरकुरलं आणि डॉक्टरने लाल मांस बंद केलं, आणि वासिफने ते डॉक्टरपेक्षाही कडक बंद केलं. धुराचा वास आला की दर आठवड्याला बापलेकांचं भांडण ठरलेलं.

"आज मात्र अब्बा एकदम क्वाएट," वासिफ म्हणाला. "ओट्स तसेच ठेवलेत, पण तक्रार नाही, काही नाही. शांत झोपलेत. तेवढं तरी नशीब."

शेवटी ती भिकाजीकडे गेली. वासिफ आणि शाहबाज दहा पावलांवर उभे होते. तिने सरळ विचारलं, थाळी तू नेलीस का.

भिकाजीने आधी त्या दोघांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला नवल वाटलेलं दिसलं.

"मिस," तो हळूच म्हणाला, "तुम्ही विचारताय?"

"मग दुसरं कोण विचारणार?"

त्याने परत त्या दोघांकडे पाहिलं. मग काहीतरी समजल्यासारखी त्याने मान हलवली.

"बरं. मग मला काही माहीत नाही," तो म्हणाला.

४

फिरदोसला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. चोरी एक वेळ समजू शकते, पण तोंडावर असं उत्तर? ती तणतणत खाडीकडे गेली आणि वेताच्या खुर्चीत बसली. आता हे सांगायला हरकत नाही की पाचही कोर्स तिने दुसऱ्यांदा मागून घेतले होते.

ऊन परत मऊ झालं होतं. भरती चढत होती आणि कांदळवनाची मुळं एकेक करून पाण्याखाली जात होती. दूर पाहुण्यांचे आवाज येत होते, पण शब्द वाटेतच विरत होते. तिचे डोळे मिटले.

ती शाळेच्या हॉलमध्ये होती. हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी होतं आणि बाकांच्या रांगा धुक्यात जात होत्या. पहिल्या बाकावर रामिरो बसून मिठाचे खडे मोजत होता. त्याच्यामागे शाहबाज कंबर धरून. शेवटच्या बाकावर भिकाजी, समोर कोरा पेपर. ती त्याच्यापाशी गेली. कॉपी करणाऱ्या पोराची नजर तिला पाठ होती, ती खाली जाते, नाहीतर खिडकीकडे जाते. भिकाजीची नजर तिच्याकडे होती, थेट. असं कोण बघतं? एकतीस वर्षांत असं बघणारा एकच मुलगा तिला आठवला. तिच्या एका सहकारी बाईंनी त्याला हळूच उत्तर सांगितलं होतं, आणि मग त्याच बाई हेडमास्तरांसमोर त्याला विचारत होत्या, तुला कुणी सांगितलं?

त्या पोरानेही हेच म्हटलं होतं, मला काही माहीत नाही. बाईंसाठी म्हटलं होतं.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं. मग मी भिकाजीला काय सांगितलं, तिने स्वतःला विचारलं. काही नाही, एक क्रेट आत न्यायला सांगितलं, आणि तो बीफला हात लावत नाही हे घाईत विसरले. पण क्रेट तर शाहबाजने नेलं, त्याची कंबर साक्षीला आहे. भिकाजी तर मान डोलावून लगेच निघाला होता, आणि तिचं सांगणं त्याने आजवर कधी टाळलं नव्हतं. म्हणजे भिकाजीने काहीतरी नेलंच. क्रेट नाही, तर काय?

तिचं स्वतःचं वाक्य पाण्यावरून तरंगत आलं. मोठ्याचं उन्हात राहिलंय. आत नेऊन ठेव.

तिच्या माहेरच्या मोहल्ल्यात बीफला बीफ कुणी म्हणत नाही. बकऱ्याचं ते लहानाचं आणि बैलाचं ते मोठ्याचं. आईच्या तोंडून ऐकलेला, इतका घरातला शब्द की तो उच्चारला हेही तिला जाणवलं नव्हतं. पण तो दोन कोसांवरच्या वाडीत पोचलेला नसेल तर? किचनमध्ये सगळे बीफ म्हणतात, आणि भिकाजी तर किचनमध्ये जातही नाही. त्याने मोठ्याचं ऐकलंच नाही. त्याने मोठ्यांचं ऐकलं. मोठ्या शेठचं. मध्ये फरक एका टिंबाचा, आणि तोही नाकातून जाणारा. मोठ्यांचं काहीतरी उन्हात राहिलंय म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि कट्ट्यावर स्वच्छ पांढऱ्या कापडात नीट बांधलेली थाळी त्याला दिसली.

फिरदोसने डोळे उघडले. ती उठली आणि मागच्या खोलीकडे निघाली.

५

आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. हमीद शेठ गादीवर बसून खिडकीबाहेर बघत होते. स्टुलावर ओट्स घट्ट झाले होते. पलंगाखालून थाळीची कड दिसत होती. तिने ती ओढून काढली. पांढऱ्या कापडावर लांबट हाडं चाटूनपुसून स्वच्छ अशी ओळीने मांडलेली होती.

"दुल्हाभाई, हे सगळं तुम्ही खाल्लं?"

"वेडी का काय तू?" म्हातारा म्हणाला. "दोन तुकडे खाल्ले. खिडकीतून होड्यांच्या यार्डातल्या तिघा सुतारांना हाक मारली, बाकीचं त्यांनी खाल्लं. पूर्वी आम्ही असेच बसायचो, होडीच्या सावलीत." मग तो तिच्याकडे बघून इतकं गोड हसला की तिला त्याचं लग्नातलं रूप आठवलं. "भिकाजी म्हणाला, फिरदोस मिसने पाठवलंय. मी म्हटलं, बहिणीची आठवण ठेवली हिने. ती असती तर वासिफला न सांगता असंच पाठवलं असतं."

दोन वर्षांत त्याने अर्धी भाकरीसुद्धा इतक्या समाधानाने खाल्ली नसेल. फिरदोस पलंगाच्या काठावर बसली. आता काय बोलावं? पाठवलं म्हणावं तर ते खोटं, नाही म्हणावं तर या माणसाच्या आनंदाची माती होणार.

"भिकाजीला चोर ठरवलंय," ती शेवटी म्हणाली. "उद्या घरी पाठवतायत."

म्हाताऱ्याचं हसू गेलं. त्याने काठी शोधली.

६

सगळं ऐकल्यावर वासिफ तिला म्हणाला होता, खाला, तुम्ही आतच बसा, गैरसमज झाला असं मी सगळ्यांना सांगतो, तुमचं नाव नको. तिने ऐकलं नाही. ज्यांच्यासमोर भिकाजीला चोर म्हटलं गेलं त्यांच्याचसमोर ती उभी राहिली आणि वर्गात बोलते तशा स्पष्ट आवाजात म्हणाली,

"चोरी झालेली नाही. मी सांगितलं, त्याने नेलं. मी एक बोलले, त्याला दुसरं ऐकू गेलं. चूक माझी आहे."

एकतीस वर्षांत हे शेवटचे तीन शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. वासिफने तर ते नक्कीच ऐकले नव्हते, तो तिच्या वर्गात तीन वर्षं होता. मागून हमीद शेठ काठी टेकत आले आणि खाल्लं मी, असं म्हणाले. मुलगा काही बोलायच्या आत त्यांनी पुढे सांगितलं की ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड, पण आधी त्या माणसाची माफी माग. शाहबाज कंबर विसरून जमिनीकडे बघत राहिला. रामिरोला सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं. समजलं तेव्हा त्याने एकच विचारलं, की मीठ बरोबर होतं का. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मान डोलावली, आणि रामिरोचा जीव भांड्यात पडला.

पाहुण्यांना सहाव्याऐवजी एकदम सातवा कोर्स मिळाला, बासुंदीपेक्षा दाट आटवलेलं दूध. घरच्या वडीलधाऱ्याने सहावा कोर्स संपवला हे कळल्यावर दहा जण हसले आणि दोघांनी तोंडं वाकडी केली. वासिफ त्यांना सांभाळत बसला.

भिकाजी लाकडांच्या ढिगामागे होता. त्याने कपड्यांची पिशवी भरून तयार ठेवली होती. वासिफ येऊन माफी मागून गेला तरी ती अजून तशीच होती. फिरदोस समोर आली तेव्हा तो उठून उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. "माझं चुकलं, भिकाजी. चार माणसांत तुला चोर ठरवलं माझ्यामुळे."

"तुमचं कसलं चुकलं? मलाच नीट ऐकू आलं नाही."

"पण बोलायचं होतंस. मिसने सांगितलं म्हणून नेलं, एवढं एक वाक्य. लगेच सुटला असतास. मी समोरच उभी होते."

भिकाजीने पिशवीची गाठ उगाच घट्ट केली.

"कसं बोलू? मोठ्यांचं नाव निघालं असतं, तुमचं निघालं असतं. तुम्हाला ते लपवायचं असेल, असं वाटलं मला." त्याने पिशवी उचलून घेतली. "तुमच्या शब्दावर आलो होतो इथे. म्हटलं, आता तुमच्याच शब्दावर जाऊ."

फिरदोस मिसने हात पुढे केला. तिने ती पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली, त्याच्या शेजारी एका ओंडक्यावर बसून ती मांडीवर ठेवली, आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती आणि तिला नीट दिसतही नव्हतं, पण तिने भिकाजीला हात लावू दिला नाही.